सीटवरची कांद्याची गोणी

मार्केट यार्डाच्या मागे माझं गॅरेज आहे, पस्तीस वर्षं झाली. मकबूलचं काम चुकलं असं म्हणायची आजवर कुणाची टाप नव्हती. म्हणून हे मीच सांगतो.

पूर्णिमा मॅडम कॉम्प्युटर कंपनीत आहेत. जुनी झेन गाडी घेऊन शर्यतीत उतरायचं खूळ. शर्यतीच्या गाडीचं वजन चारही चाकांवर नीट वाटलेलं लागतं, नाहीतर एका वळणाला ती गुणी आणि दुसऱ्याला माजोरडी. शनिवारी यार्डाला सुट्टी. ज्ञानदेव आडत्याचे चार वजनकाटे आणले, चार चाकांखाली सरकवले आणि स्प्रिंगखालच्या चकत्या फिरवत आकडे जुळवत बसलो.

आकडे घेताना सीटवर ड्रायव्हर हवा. पण बाईमाणसाला वजन विचारायचं कसं? मी आपली पन्नास किलोची कांद्याची गोणी पट्टा लावून बसवली.

दुसऱ्या दिवशी सरावात डाव्या वळणाला गाडी दोनदा गरकन फिरली. माझं डोकं फिरलं. शर्यतीच्या क्लबच्या चार जणांसमोर म्हणालो, "गाडी चोख आहे. हात कच्चे आहेत तुमचे."

पुढच्या शनिवारी मॅडम आल्या. डोळे सुजलेले. "मकबूलभाई, उद्या मी उतरत नाही. गाडीला गिऱ्हाईक बघा. नाही जमत मला."

तेवढ्यात सलीमा, माझी बायको, त्याच गोणीतले कांदे काढायला आली. म्हणाली, "अहो, त्या दिवशी सीटवर हिलाच बसवलं होतंत ना? मॅडम काय एवढ्याशाच आहेत?"

"तू कांदे घे आणि जा!" मी खेकसलो. पण मॅडमना ऐकू गेलं होतं.

"माझ्या जागी ही गोणी होती?"

"पन्नास किलोची," मी म्हणालो.

"मी बहात्तर किलोची आहे. विचारायचं की!"

"लाज वाटली."

"आणि चार लोकांत मला कच्ची म्हणताना नाही वाटली? आठ दिवस मी स्वतःच्या हातांना शिव्या देतेय, मकबूलभाई."

थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ज्ञानदेवाकडे धावलो, काटे आणले, मॅडमना सीटवर बसवलं. चारही आकडे हलले होते. संध्याकाळपर्यंत चकत्या फिरवत होतो. सलीमाने मॅडमना हातात चहा दिला, माझा कप गोणीवर ठेवला. तेच जास्त लागलं.

रविवारी शर्यतीआधी त्याच चौघांना गाठलं. म्हटलं, "मॅडमचे हात पक्के आहेत. मी सीटवर कांदे बसवून गाडी जुळवली होती." ते पोट धरून हसले. हसू दिलं.

डाव्या वळणाला मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा झेन पुढच्या सरळ रस्त्याला लागली होती.

मॅडम चौथ्या आल्या. हेल्मेट काढून सरळ माझ्याकडे आल्या.

"गिऱ्हाईक बघू नका," म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी विचारा. सांगेन मी."