बाटली न लावता

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या. आज मी तुम्हाला एका ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या हातांची गोष्ट सांगणार आहे. ती सांगता सांगता माझीही सांगून होईल.

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. उमरग्यात हायवेलगतच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. लोखंडी नळी, वर दोन हूक, खाली तीन चाकं आणि अंगाला पांढरा रंग. तिथून मी थेट डॉक्टर मुजीब यांच्या दवाखान्यात आलो. शेजारी मारुतीचं देऊळ. सप्ताह बसला की खिडकीतून टाळ-मृदंग ऐकू येत. मला वाटे, देवानं मला उभं राहण्यासाठीच घडवलं ते बरं केलं. सप्ताहात वीणेकरी नाही का दिवसरात्र उभा राहत?

साथीच्या दिवसांत माझा मोठा थाट असे. दोन्ही हूक कधी रिकामे नसत. "सलाईन लावली अन् तरतरी आली," असं म्हणत लोक माझ्याकडे श्रद्धेनं बघत.

पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की कितीतरी माणसं अशक्तपणा म्हणून येतात आणि दुखणं मनात असतं. त्यांनी त्याचं रीतसर शिक्षण घेतलं. मग माझ्यावर बाटलीपेक्षा छत्रीच जास्त दिसू लागली. मी खट्टू झालो.

अशात कडूबाई आपल्या नवऱ्याला, रामकिसनला, घेऊन आल्या. रामकिसनचा स्वतःचा ट्रक, पण तो कधीचा दारात उभा. स्टेअरिंग धरलं की त्याचे हात कापायचे. आता गाडी विकून टाकायचं त्याच्या मनात होतं.

"डॉक्टरसाहेब, ह्यांना लई अशक्तपणा आलाय," कडूबाई म्हणाल्या. "दोन बाटल्या लावा. त्यातली एक पिवळी, ताकदीची."

डॉक्टरांनी नीट तपासलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले. "पिवळीनं लघवी पिवळी होईल, ताई. हात थांबायचे न्हायत. मला ह्यांच्याशी जरा बोलू द्या."

"बोलून कुठं दुखणं जातंय व्हय?"

"तुम्ही सप्ताहात कीर्तनाला बसता. बुवा काय गोळ्या वाटतेत? तरी हलक्या होऊन घरी जाता. तिथं बुवा बोलतेत, तुम्ही ऐकता. इथं रामकिसनभाऊ बोलतील, मी ऐकतो."

"मग बुक्का बी तुमीच लावा," असं पुटपुटत कडूबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

दार लागलं. रामकिसन माझ्याकडेच बघत बोलू लागला. डॉक्टरांनी घाई केली नाही. नळदुर्गच्या पुढे, धुक्यात, एक दुचाकी घसरून त्याच्या गाडीखाली आली होती.

"पोलीस म्हणले, तुझी चूक न्हाय. पण त्या माणसानं माझा हात धरला हुता, साहेब. जीव जाईपर्यंत सोडला न्हाय."

"तुम्ही धरू दिलात," डॉक्टर हळू म्हणाले, "म्हणून तो एकटा गेला न्हाय."

रामकिसन लेकरासारखा रडला.

मग तो दर मंगळवारी येऊ लागला. मित्रांनो, हे नुसतं गोड बोलणं नव्हतं. डॉक्टर त्याला श्वास संथ करायला शिकवत, मनात काय येतं ते विचारत आणि दर वेळी एक काम देत. आधी बंद गाडीत नुसतं बसायचं. मग इंजिन चालू करायचं. मग चौरस्त्यापर्यंत जाऊन परत यायचं. एकदा तो अर्ध्या वाटेत गाडी सोडून चालत आला.

"अर्ध्यापर्यंत गेलात की," डॉक्टर म्हणाले. "आता तिथून पुढं. आन् न्हायच जमलं तर धाराशिवला मनाचे मोठे डॉक्टर हायत. मी सोबत येतो."

या साऱ्यात माझ्यावर एकही बाटली टांगली गेली नाही. पण मी छातीठोकपणे सांगतो, इतकं औषध कुणाच्या अंगात उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा कडूबाई एकट्याच आल्या. "मालक हैदराबादला माल घिऊन गेले. हात कापला न्हाय."

डॉक्टर हसले. कडूबाई मात्र उठेनात.

"आता काय राहिलं, ताई?"

"ते गेल्यापासनं मला झोप न्हाय. फोन वाजला की काळजात धस्स हुतंय. एक बाटली लावता का?"

डॉक्टरांनी मला कोपऱ्यात सरकवलं आणि आपली खुर्ची कडूबाईंजवळ ओढली. मी आनंदानं सरकलो.

मित्रांनो, माझ्या चाकांना आता गंज चढलाय. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण आजारी माणसाला हाताला धरून दवाखान्यात आणणारं आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. त्याची आठवण ठेवा. "तुम्हाला कसं वाटतंय?" एवढं त्यालाही विचारा.