मान हलवणाऱ्या माणसाचा कान

मी रामहरीचा उजवा कान बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आता थोडा वेळ तुम्ही माझं ऐका. कानाला तोंड नसतं हे मलाही माहीत आहे. पण ज्याच्या डोक्याला मी चिकटलो आहे, त्याच्या तोंडातून वेळेवर शब्द निघाला नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मी मूळचा मंद्रूपचा. जन्मायच्या आधीपासूनच कामाला लागलो होतो. डोळे मिटून पडले होते, पाय नुसते लाथा झाडत होते आणि मी मात्र आईच्या पोटात बसून जात्याची घरघर ऐकत होतो.

बाहेरून तुम्हाला दिसते ती माझी नुसती पडवी. लोक तिलाच कान समजतात. बारशानंतर सोनारानं तिला भोक पाडलं, शाळेत गुरुजींनी ती हवी तेव्हा पिळली, पुढं रामहरीनं तिच्यावर विडी अडकवली आणि चाळिशी उलटल्यावर चष्म्याची काडी तिच्यावरच आली. जे कुठं ठेवायला जागा नाही ते माणसं कानावर ठेवतात. मी कधी तक्रार केली नाही.

खरा मी आत. पडवीतून एक वाकडा बोळ आत जातो, त्याच्या टोकाला पडदा. पडद्याच्या मागं तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि घोडेस्वार पाय अडकवतो तसली रिकीब. नावं ऐकून वाटेल लोहाराचं दुकानच थाटलंय, पण तिन्ही तुमच्या करंगळीच्या नखावर मावतील. जन्माला येताना जेवढी होती तेवढीच ती आजही आहेत. रामहरी वाढला, मिशा आल्या, त्या पिकल्या, पण ती तिळभर वाढली नाहीत. पडदा हलला की हातोडी ऐरणीला ढकलते, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या शंखाचं दार ठोठावते. त्या शंखात पाणी, आणि पाण्यात उभे राहिलेले केसांसारखे बारीक पहारेकरी.

त्या पहारेकऱ्यांची एक रीत आहे. बारीक, किनरे आवाज टिपणारे अगदी दाराशी बसतात. जाडे, घोगरे आवाज टिपणारे पार आत, शंखाच्या टोकाला. म्हणजे बाहेरून धक्के येऊ लागले की आधी मरतात ते दाराशी बसलेले. डोक्यावरचे केस कापले तर परत येतात, हे येत नाहीत. एवढं लक्षात ठेवलंत म्हणजे माझं दुखणं तुम्हाला कळेल.

शेत थोरल्या भावाकडं राहिलं आणि रामहरी सोलापुरात गुरुसिद्धप्पांच्या चादरीच्या कारखान्यात लागला. पत्र्याच्या छताखाली ओळीनं यंत्रमाग, आणि प्रत्येक मागावर आडवा धागा नेणारा धोटा या कडेहून त्या कडेला आपटतोय. पहिल्या दिवशी माझी हाडं खिळखिळी झाली. घरी आलो तरी आत सूं सूं चाललेलं. रामहरीनं शेजारच्या कामगाराला सांगितलं, तर तो हसून म्हणाला की महिनाभरात सवय होते. झाली सवय. माझे दाराशी बसलेले पहारेकरी एकेक करून मरू लागले, त्यालाच ही माणसं सवय म्हणत होती.

त्या गदारोळात कोणी कोणाशी बोलत नाही. दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ तोंडाशी नेली की चहा आला. बाकीचं ओठांवरून वाचायचं. आणि काहीही कळलं नाही तर? तर मान हलवायची. परत विचारत बसलं की तेवढ्यात कुठला तरी माग बिघडतो, शिवाय चार माणसं बघून हसतात. म्हणून तिथं सगळेच मान हलवतात. सांगणाऱ्याला वाटतं समजलं, ऐकणाऱ्याला वाटतं पुढं बघू. कापड निघतच राहतं.

मालकांनी एकदा सगळ्यांना कानात घालायची रबरी बोंडं वाटली होती. पण रामहरी तोवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग नीट करणारा, झाला होता. माग नीट करायचा तर त्याचा आवाज ऐकावा लागतो, आणि बोंडं घातली की तोच ऐकू येईना. त्यानं ती खुंटीला लावली, ती तिथंच धूळ खात राहिली. घरी बजाबाईंना वाटे नवऱ्याच्या कानात मळ झाला असेल. बिचारी लसूण घालून तेल तापवी आणि कोमट झालं की माझ्यात सोडी. मला भाजीसारखी फोडणी मिळत गेली, पण आतले मेलेले काही उठले नाहीत.

हे सगळं मी हसत सोसलं असतं, जर वैजयंती नसती.

वैजयंती रामहरीची थोरली लेक. आवाज चिमणीसारखा. लहानपणी ती कारखान्यात डबा घेऊन यायची, टाचा उंचावून माझ्याजवळ तोंड आणायची आणि ओरडायची, अण्णा, जेवा. तेव्हा मला ते मिळायचं. मग ती मोठी झाली, तिचं ओरडणं बंद झालं, आणि माझ्या दाराशी कोणी उरलं नाही. घरात आता बाप्यांचं बोलणं कळे, बायकांचं अर्धंमुर्धं. उरलेलं रामहरी ओठांवरून भरून काढी. तो कोणाला काही सांगत नसे. बहिऱ्या जॉबरला कोण विचारतंय, ही भीती त्याच्या पोटात होती. गल्लीत सगळे म्हणत, रामहरी गरीब स्वभावाचा, कोणाला नाही म्हणत नाही.

वैजयंती एकोणिसाची झाली आणि सांगोल्याकडचं स्थळ आलं. डाळिंबाची बाग, घर बरं. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मुलाचे चुलते मुक्कामाला होते. संध्याकाळी ते आत चहा पीत बसले होते आणि रामहरी ओट्यावर सुपारी कातरत होता. वैजयंती मागून आली, खाली वाकली, आतल्यांना दिसू नये म्हणून तिनं ओढणी तोंडाशी धरली आणि माझ्यात कुजबुजली.

ती काय बोलली ते मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं, पण तुम्हाला आताच सांगतो. ती म्हणाली, "अण्णा, मला हे लगीन नको. पोरगा पितो, मला खात्रीनं कळलंय. तुमी उद्या न्हाय म्हणा की."

माझ्या पडवीला तिचा श्वास लागला. गरम होता. पडदा थरथरला, हातोडी हलली, ऐरण हलली, रिकिबीनं दार ठोठावलं. दारात कोणी नव्हतं.

आणि ओठ तर मागं होते, ओढणीआड. रामहरीनं काय केलं असेल? त्यानं मान हलवली. एवढंच नाही, मागं वळून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीचे डोळे भरले, ती आत गेली आणि म्हणे त्या रात्री निवांत झोपली. दुसऱ्या दिवशी चारचौघांत रामहरीनं हसतमुखानं सुपारी फोडली.

तिनं परत तोंड उघडलं नाही. बापानं शब्द देऊन फिरवला, असं तिनं धरलं. बजाबाईंनाही तिनं काही सांगितलं नाही. लग्न झालं. नवरा प्यायचा, आणि प्यायला की हात उचलायचा. काही वर्षं काढून ती लहानग्या पिंकीला कडेवर घेऊन परत आली. समजूत घालायला पाव्हणे जमले, तेव्हा रामहरी कळवळून म्हणाला, "पोरगी आधी एका शब्दानं बोलली असती, तर मी हे लगीन होऊ दिलं नसतं."

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे कान तरुण होते, तिला सगळं ऐकू आलं.

त्याच आठवड्यात तिनं दुसऱ्या पेठेत खोली घेतली. टॉवेलच्या कडा शिवून ती पिंकीच्या शाळेचा खर्च भागवू लागली. सणाला यायची, आईशी बोलायची, बापापुढं ताट ठेवायची आणि निघून जायची. रामहरी समजायचा, स्थळ वाईट निघालं म्हणून पोर रुसली आहे. तो तिच्या ओठांकडं बघत बसायचा. ओठ हलले असते तर त्यानं वाचले असते. ते हललेच नाहीत. मी त्या दोघांच्या मध्ये बसून ती शांतता ऐकली आहे. ती मात्र मला स्वच्छ ऐकू यायची.

मग करोना आला आणि सगळ्यांनी तोंडं झाकली. मुसक्याचे दोर माझ्यावरच अडकवले गेले, ते असो. पण जगाचे ओठ झाकले गेल्यावर रामहरी उघडा पडला. दूधवाला काय म्हणतो कळेना, डॉक्टर काय म्हणतात कळेना. सगळ्यांपुढं मान हलवू लागला. पुढं एकदा मागून आलेल्या रिक्षाचा भोंगा त्याला ऐकू आला नाही आणि धक्का लागून तो पडला. मुलगा आदिनाथ पुण्याला. बजाबाईंनी वैजयंतीला निरोप धाडला की बापाला कानाच्या दवाखान्यात ने. ती आली आणि त्याला घेऊन गेली.

दवाखान्यात काचेची बंद खोली होती. अनिसा नावाच्या तपासणाऱ्या मुलीनं माझ्यावर मोठा हेडफोन चढवला आणि रामहरीच्या हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पुढचं मी शेजाऱ्यांकडून, म्हणजे डोळ्यांकडून, ऐकलेलं सांगतो. काचेपलीकडं अनिसाच्या यंत्रावर आवाज सोडला की दिवा लागत होता, आणि तिच्या मागं वैजयंती उभी होती. जाडे आवाज सुटले, रामहरीनं बटण दाबलं. मग अनिसा बारीक आवाजांकडं वळली. दिवा लागला, विझला. परत लागला. रामहरीचा अंगठा बटणावर तसाच. तो काचेतून लेकीकडं बघत होता, शाळेतल्या पोरासारखा, की दाबू का? आणि आपलं काही चुकू नये म्हणून मान हलवत होता.

मागाहून कळलं, वैजयंतीनं तिथं अनिसाला विचारलं की हे कधीपासनं असावं. अनिसा म्हणाली, "कारखान्यात व्हते ना? मग वीसेक वर्षं तरी झाली असतील. बायकांचं हळू बोलणं त्यांना कळतच नसणार."

बाहेरच्या बाकावर वैजयंती त्याच्या समोर बसली. बऱ्याच वर्षांनी तिचे ओठ त्याच्यासाठी हलले. ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलली. ओट्यावर आपण काय सांगितलं होतं ते तिनं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तुमी मान हलवली व्हती, अण्णा."

रामहरीनं तळहातानं मला दाबून धरलं. मला त्याच्या हाताची नाडी ऐकू येत होती, तिचा आवाज जाडा असतो. तो म्हणाला, "मी समद्यांनाच हलवतो, बाई. मला वाटलं तू आशीर्वाद मागतीयास."

दोघंही रडली. गेलेली वर्षं रडून परत येत नाहीत, माझे पहारेकरी येत नाहीत तशीच. आता माझ्या मागं एक यंत्र बसलंय, त्याची नळी माझ्या बोळात येते. बोलणं थोडं जवळ आलंय. पण जे मेलं ते मेलं. कुजबूज मला आजही मिळत नाही.

म्हणून जाता जाता हात जोडतो. कारखान्यात असाल तर आम्हाला झाका, माग बिघडला तर दुसरा येईल. आणि तुमच्या घरात एखादं माणूस फार गरीब स्वभावाचं असेल, सगळ्याला मान हलवत असेल, तर त्याच्या समोर जाऊन बसा आणि विचारा, मी काय बोललो सांगा बरं.

परवा वैजयंती घरी आली होती. निघताना उंबऱ्याबाहेर चपला घालता घालता, पाठमोरीच काहीतरी बोलली. रामहरीची मान हलायला निघाली, अर्ध्यावर आली आणि थांबली. मग मी त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं.

"मला ऐकू आलं न्हाय, बाई. परत सांग."

तिनं चपला काढल्या. आत आली, त्याच्या समोर बसली, आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "येते म्हटलं, अण्णा."

तेवढ्यासाठी ती दारातून परत आली होती.