अहवालातली दाढ

माझी दाढ फिटने तुटली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळ्यांचं उलटं सांगून झालंय, आणि तेही सहीशिक्क्यानिशी.

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मला फिट आली. दोन वर्षं चार महिन्यांनी. का आली, तर परीक्षेच्या वह्यांची घाई होती म्हणून साहेबांनी सलग तीन दिवस डबल पाळी लावली आणि मीही मान डोलावली. झोप मोडली की माझं डोकं बिनसतं, हे मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे. नाही म्हणायला हवं होतं. तेवढी चूक माझी.

शुद्धीवर आले तेव्हा मी टेबलाखाली उताणी होते. तोंड खारट झालेलं, जिभेवर खड्यासारखं काहीतरी. थुंकले तर दाढेचा तुकडा. आणि गालाशी आमच्या सगळ्यांत जुन्या कारागिराची, काकांची, हाडाची पट्टी पडलेली, रक्ताने भरलेली. ही पट्टी म्हणजे वीतभर लांबीचं, गुळगुळीत घासलेलं चपटं हाड. कागदाची घडी त्याने दाबून पक्की करायची. आमच्याकडे ज्याची पट्टी त्याची. दुसऱ्याच्या पट्टीला कुणी बोट लावत नाही. काकांची तर तीस वर्षं वापरून तपकिरी झालेली. ती त्यांनी माझ्या तोंडात कोंबली होती, दातांच्या मधोमध, सगळा जोर लावून.

आणि लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते.

"काका होते म्हणून वाचलीस," शिलाईवाली वहिनी मला पाणी देत म्हणाली. "नाहीतर जीभ गिळली असतीस."

जीभ गिळली असतीस म्हणे. जीभ काय गोळी आहे, पाण्याबरोबर घ्यायला? ती तळाशी पक्की शिवलेली असते, आमच्या कुठल्याही वहीपेक्षा पक्की. पण त्या वेळी मला बोलता येत नव्हतं. फिटनंतर तासभर माझे शब्द वाट चुकतात, आणि हा तास लोक आपली मतं बनवायला वापरतात.

बुधवारी साहेबांनी अहवाल लिहिला. मला दाखवलासुद्धा, मोठ्या मनाने. "झटका इतका तीव्र होता की कर्मचारी महिलेची दाढ तुटली," असं त्यात लिहिलं होतं. त्याखाली: "सबब सुई, दाभण व इतर अवजारांपासून दूर ठेवावे. गोदामात बदली." डबल पाळीबद्दल एक अक्षर नाही. हाडाच्या पट्टीबद्दल एक अक्षर नाही. शुक्रवारी कारखान्याच्या डॉक्टर येणार, सही करणार, आणि अकरा वर्षं वह्या शिवणारी मी दाराशी स्टुलावर बसून कागदाचे गठ्ठे मोजणार.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बेफिकीर बाई नाही. कटिंग मशीनला हात लावणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं होतं. घरी बाथरूमची कडी मीच काढून टाकली. अंघोळ करताना मी मोठ्याने गाते, अगदी बेसूर, आणि गाणं थांबलं की आई दार ठोठावते. शेगडीच्या पुढच्या बर्नरवर मी काही ठेवत नाही. सकाळी आठ, रात्री आठ, गोळी. वीस वर्षांत किती चुकल्या ते माझ्या डायरीत लिहिलेलं आहे, तारखेनिशी. माझा आजार मी सांभाळते. लोक कुणी सांभाळायचे?

घरी ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे ना. म्हाताऱ्या माणसाने चांगल्या मनानेच केलं."

"चांगल्या मनाने माझी दाढ तोडली."

"पण जीव वाचवला असं त्यांना वाटतंय. तू तोंडघशी पाडणार त्यांना, सगळ्यांदेखत?"

"आणि मी गोदामात गेले तर?"

"बसायचं काम आहे," ताई म्हणाली. "त्रास तरी नाही."

मी जेवणावरून उठले. उजव्या बाजूने चावता येत नव्हतंच.

तरी गुरुवारी सकाळी मी आधी काकांकडे गेले. मला दाभण धरायला त्यांनीच शिकवलं होतं, पहिल्या महिन्यात माझ्या बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या. तेवढा मान त्यांचा होता. ते फर्मे, म्हणजे वहीचे घडी घातलेले भाग, जुळवत होते. पट्टी धुऊन पुसून नेहमीच्या जागी ठेवलेली.

"काका, एक काम करा. उद्या डॉक्टरांना सांगा, पट्टी तुम्ही तोंडात घातली होती म्हणून."

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांनी पाहिलंय."

"अहवालात नाहीये. दाढ पट्टीने तुटली, फिटने नाही."

त्यांचे हात थांबले. "पोरी, पट्टी घातली नसती तर तू आज इथे उभी नसतीस."

"असते. दोन-तीन मिनिटांत फिट आपोआप थांबते. तोंडात काही घालायचंच नसतं. तुकडा श्वासनळीत गेला असता तर खरंच उभी नसते."

"मला शिकवू नकोस," काका म्हणाले. अकरा वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. "मला माहितीये काय करायचं असतं ते. तुझ्या जन्माआधीपासून माहितीये."

मग ते पाठ वळवून फर्मे मोजू लागले. मोजलेलेच पुन्हा मोजत होते. मला इतका संताप आला की मी माझ्या टेबलापर्यंत जाऊन दोरा तीनदा चुकीचा ओवला.

शुक्रवारी डॉक्टर आल्या. साहेबांनी अहवाल पुढे केला, सोबत पेनही. मी म्हटलं, "सहीच्या आधी माझं तोंड बघा."

साहेब म्हणाले, "अगं, त्यांना घाई आहे."

"मला गोदामाची नाही," मी म्हटलं आणि आ केला.

डॉक्टरांनी टॉर्च लावला, गाल बाजूला केला, हिरडीवरची जखम पाहिली. "तोंडात काय घातलं होतं?"

साहेब अहवालाकडे बघत बसले. वहिनी दोऱ्याचं रीळ गुंडाळू लागली. मंगळवारी थापा मारणारे सगळे हात आता खिशात होते.

"मी घातली पट्टी," काका म्हणाले. ते पुढे आले, ताठ मानेने. "मीच. जीव वाचवला तिचा."

डॉक्टर चांगली बाई होती, पण तिने मिठाची गुळणी धरली नाही. तोंडात काहीही घालू नये, धरून दाबू नये, हे तिने चार वाक्यांत सांगितलं. दाढेची ओळ खोडली. तीन डबल पाळ्यांबद्दल माझ्याकडून ऐकून ते वर लिहिलं, बदलीवर काट मारली आणि पेन साहेबांना परत दिलं. साहेब म्हणाले, "हे आधी सांगायचं ना." मनात आलं ते बोलले असते तर गोदामात नाही, थेट घरी बसावं लागलं असतं.

पण माझा राग उतरला नव्हता. पुढच्या वेळी कुणी चमचा आणेल, कुणी पुठ्ठा. म्हणून मी सगळ्यांसमोर फरशीवर आडवी झाले.

"बघून घ्या. काका, तुम्ही या. मला कुशीवर वळवा."

ते आले, गुडघे टेकले, खांद्याला धरून मला वळवलं. खांदा इतका दाबला की माझी ओढणी त्यांच्या मुठीत चुरगळली.

"डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. आता घड्याळ बघा. बस. पाच मिनिटांच्या वर गेलं तर अ‍ॅम्ब्युलन्स. नाहीतर एवढंच."

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच."

ते उठेनात. मला फक्त त्यांचे गुडघे दिसत होते.

"माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले, इतकं हळू की मलाच ऐकू आलं. "त्याला यायची. आई पाय धरायची, मी तोंडात लाकूड घालायचो. लहान होतो मी, पण जोर होता. सोळाव्या वर्षापर्यंत त्याचे पुढचे सगळे दात गेले होते. आम्ही सगळ्यांना सांगायचो, आजाराने खाल्ले."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तो कधी काही बोलला नाही," काका म्हणाले. "हसायचाच नाही. एकदा नुसता माझ्या हाताला चावला, तर मी त्यालाच मारलं."

माझा राग गेला असं म्हणणार नाही. तो होता, चांगला लालबुंद होता, पण आता तो या म्हाताऱ्यावर काढायचा तर त्या पोराच्या तोंडात लाकूड द्यायला सांगणाऱ्या सगळ्या शहाण्यांवर कुणी काढायचा? ते तर कधीच मरून गेले, पाठीवर थापा घेऊन.

"काका," मी म्हटलं, "परत करा. या वेळी खांदा नका दाबू."

मी पुन्हा उताणी झाले. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि मला वळवलं, जसं झोपलेल्या मुलाला वळवतात तसं.