बारा जीबीचं कार्ड

आरोही आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. इमारतीचं थ्रीडी चित्र करायला घेतलं, की तिचा जुना लॅपटॉप तापून बंद पडायचा. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कम्प्युटर घे, असं सरांनी बजावलं होतं.

ते भावकीतल्या अर्जुनरावांच्या, म्हणजे सगळ्यांच्या आबांच्या, कानावर गेलं. चौसाळा गावात त्यांच्या शब्दाबाहेर सहसा कुणी जात नसे. स्वतःच्या वाढदिवसाला मंडप टाकून त्यांनी हुशार पोरांना लॅपटॉप वाटायचं ठरवलं आणि पहिला मान आरोहीला दिला.

लॅपटॉपच्या झाकणावर अर्जुनरावांचा हसरा फोटो चिकटवलेला होता. आरोहीनं स्टेजवरच लॅपटॉप सुरू करून पाहिला आणि मिटला.

"आबा, यात ग्राफिक्स कार्ड न्हाई. माझं काम यावर व्हायचं न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

माईक चालू होता. सगळ्या मंडपानं ऐकलं.

"फुकट मिळतंय तर एवढी चौकशी कशाला?" अर्जुनराव हसत म्हणाले.

"फुकट हाय, तर मग हा फोटो काढून नेऊ का?"

अर्जुनरावांनी हात पुढं करून माईक बंद केला. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि खाली उतरली.

घरी आल्यावर बजरंग लेकीवर चिडला. "गावातला लायटीचा डीपी जळाला तरी आपल्याला त्यांनाच फोन करावा लागतो. एवढं कळत न्हाई तुला?"

"कळतंय, पप्पा. पण वर्ष माझं जाईल, त्यांचं न्हाई."

आरोहीची आई वनमाला भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझी भिशी लागलीय. त्या पैशाच्या पाटल्या न्हाई करायच्या. उद्या बीडला जा अन् तिला पाहिजे ते घेऊन या."

"अन् आबा?"

"आबांना काय इमारती काढायच्यात?"

दुसऱ्या दिवशी बापलेक बीडला गेले. दुकानदार सोमेश्वरनं कम्प्युटरचा काचेचा, रंगीत दिवे लागणारा डबा पुढं केला आणि बजरंगला म्हणाला, "पोरीसाठी हा लई भारी दिसंल. चार जीबीचं कार्ड हाय, बास होतंय."

"दिवे नकोत," आरोही म्हणाली. "साधा डबा द्या. कार्ड बारा जीबीचं, अन् त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय."

सोमेश्वरनं पुन्हा बजरंगकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? कम्प्युटर तिचा हाय. तिला विचारा," बजरंग म्हणाला.

सोमेश्वर गोदामात जाऊन कार्डाचं खोकं घेऊन आला. तेवढ्यात अर्जुनरावांच्या हाताखालच्या हनुमानचा बजरंगला फोन आला. आबांनी लॅपटॉप बाजूला ठेवलाय, पोरीला घेऊन या, माफी मागा आणि घेऊन जा, असा निरोप होता. बजरंगनं मान वर केली. समोर आरोही कार्डाच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचत होती.

"आबांना सांग, माफी मागण्यासारखं पोरगी काय बोलली न्हाई. अन् आमी कम्प्युटर घेतलाय."

संध्याकाळी ते चौसाळ्यात पोचले तेव्हा अर्जुनराव चौकात चार माणसांत बसले होते. मागच्या बोळातूनही घरी जाता येत होतं. बजरंगनं मोटारसायकल चौकातून घेतली, तीही सावकाश. मागं आरोही मांडीवर कम्प्युटरचं खोकं धरून ताठ बसली होती.