डावी बाजू बसेना

गाडी समोरून तिरकी दिसत होती. उजवं चाक मडगार्डच्या आत नीट शिरलेलं, आणि डावीकडे मात्र चाक नि मडगार्ड यांच्यात बोटभर जास्त फट. गाडी बुटकी दिसावी म्हणून सून नि सासऱ्यांनी नव्या, आखूड स्प्रिंगा बसवून आठवडा झाला, तरी ती फट हटायला तयार नव्हती.

"लोक जन्मभर वर जायला धडपडतात, आणि तुम्ही दोघं चांगली गाडी खाली आणताय. तीही अर्धीच," तिचा नवरा म्हणाला. त्याच्या लेखी गाडी म्हणजे छप्पर असलेली खुर्ची. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

मनाला लावून घेतलं होतं ते सासऱ्यांनी. बसगाड्यांच्या वर्कशॉपात फोरमन म्हणून त्यांचा जन्म गेला होता. सासूबाई गेल्यापासून मात्र ते खोलीतून जेवायला येत आणि जेवून खोलीत जात, बस्स. सुनेने ही जुनी गाडी घेतली, ती बुटकी करायचं खूळ डोक्यात घेतलं, आणि एका सकाळी सासरे आपणहून शेडमध्ये येऊन म्हणाले, "डावी बाजू माझी." तिला इतका आनंद झाला, की तोंड लपवायला ती पान्यांची पेटी उगाचच धुंडाळत बसली.

आता खरी गोम अशी, की डावी बाजू का बसत नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मच्या टोकाशी रबरी बुश असतं. त्याचा नट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. चाक हवेत लोंबकळत असताना आवळला, तर रबर तिथेच जखडतं आणि मग गाडीला खाली बसू देत नाही. तिने उजवीकडचा आपला नट गाडी खाली टेकेपर्यंत सैलसर ठेवला होता. सासऱ्यांच्या वर्कशॉपातला कायदा मात्र उलटा: एकही नट सैल असताना गाडी जमिनीला टेकवायची नाही. बसगाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगांना तो कायदा कधी नडला नव्हता. त्यांनी चाक हवेत असतानाच नट जीव खाऊन आवळला आणि समाधानाने हात धुवायला गेले.

हे तिने पाहिलं आणि गिळलं. वर्षभराने माणूस खोलीबाहेर आला होता. त्याला पहिल्याच कामात "चुकलात" म्हणायचं?

"नवीन आहेत बाबा, बसतील हळूहळू," ती म्हणाली.

सासरे कसले स्वस्थ बसतात! त्यांनी टायरची हवा तपासली. जमीन उताराची असेल म्हणून गाडी उलट तोंडाने उभी करून पाहिली. स्प्रिंगचं टोक खोबणीत बसलंय का, ते बॅटरी मारून बघितलं. मडगार्ड पूर्वी कधी ठोकलेलं असेल म्हणून चाकाच्या मध्यापासून टेप लावला. सगळं ठाकठीक, फट तेवढीच. शेवटी त्यांनी टेप गुंडाळून ठेवला.

"हातच गेले माझे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शेडकडे फिरकले नाहीत.

तेव्हा तिने ठरवलं. दुपारी त्यांचा डोळा लागला, की नट सैल करायचा, पुन्हा आवळायचा, आणि संध्याकाळी म्हणायचं, बघा बाबा, बसली की नाही! जेवणं आटोपल्यावर, वजन चाकांवरच राहावं म्हणून, तिने पुढची चाकं लाकडी उतारांवर चढवली, गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांना दगडांची उटी लावली आणि खाली सरकली. पाना लावून जोर दिला. नट कुरकुरला, आर्म कचकन फिरला आणि डावी बाजू खाली आली.

"बसली?"

गाडीपलीकडे सासऱ्यांच्या चपला दिसत होत्या. ती बाहेर आली. हात काळे, तोंड उतरलेलं.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलं असतं. मग?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "तुझी सासू असती तर पहिल्याच दिवशी ओरडली असती. माझं काहीही चुकलं की ओरडायची, अगदी भाजी चिरण्यापासून. ती गेली नि सगळे माझ्याशी गोड बोलायला लागलात. जेवायला उशिरा आलो तरी छान, नट चुकला तरी छान. पाहुण्याशी बोलतात असं, सूनबाई. घरातल्या माणसाशी नाही."

एवढे दिवस आपण जपतोय म्हणून जे चाललं होतं, त्याने हा माणूस घरातल्या घरात परका झाला होता. तिने डोळे बाहीने पुसले आणि पाना आपटला.

"चुकलात तुम्ही, बाबा! साफ चुकलात. एका शब्दाने विचारलंत का, की नट कधी आवळायचा?"

"तुला विचारू? सैल नटाने गाडी खाली घेतात का कुठे?"

"ही बस नाही! पुस्तकात लिहिलंय!"

"घाल चुलीत ते पुस्तक! आधी दाखव मला!"

आवाज ऐकून नवरा धावत आला आणि दारातच थबकला. बाप वर्षभराने असा तावातावाने हात नाचवत होता, बायको तेवढ्याच तावाने उत्तर देत होती, आणि मध्ये पडावं असं त्याला मुळीच वाटेना.