मोठ्या बाईंचा तास

चैत्रातल्या सकाळी खसाच्या ताटीवर पाणी मारले, की ओल्या मुळांचा सुगंध वर्गभर पसरे आणि त्या शीतल, हिरवट अंधारातून कुसुमबाईंच्या कात्रीचा आवाज येई. कोरडा, स्वच्छ, निर्विकार. महाल भागातल्या त्या शिवणशाळेत मी साहाय्यक शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. सत्तर सालच्या आसपासचे दिवस. मुली त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांच्या पांढऱ्या सुती पातळाला कधी चुणी पडलेली मी पाहिली नाही, आणि चेहऱ्यालाही.

पाठाचे टाचण त्या इतके रेखीव काढीत, की तास म्हणजे जणू बेतून कापलेले कापड. आधी प्रात्यक्षिक, मग सराव, शेवटी तपासणी. शंकेला त्यात जागाच नसे. घंटा झाली, की त्या रांगांतून फिरत आणि अपुरी राहिलेली शिवण सर्वांदेखत उसवत. दोरा तुटताना होणारा तो बारीक आवाज ऐकून शेजारच्या मुलींचे पाय शिवणयंत्रावर आपोआप वेगाने चालू लागत. एकीसाठी थांबणे म्हणजे बाकीच्यांचा वेळ चोरणे, असे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावले होते. म्हणून चांगली यंत्रे चपळ मुलींना आणि भिंतीकडेची, कुरकुरणारी, मंद मुलींना. तेही टाचणातच ठरलेले.

भिंतीकडे पार्बता बसे. उमरेडहून एसटीने येणारी, ऐन तारुण्यात नवरा गेलेली, सावळी, अबोल बाई. कापडावरून तिचा हात फिरे तो निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा, सावकाश. ती भावाच्या आश्रयाला होती. प्रमाणपत्र मिळाले, तर बर्डी बाजारातल्या गणवेशांच्या दुकानात तिला काम मिळणार होते. नाही मिळाले, तर भावजय घरात ठेवणार नव्हती. डबा खाताना तिने मला हे सांगितले, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट.

परीक्षेच्या दिवशी बाहेर ऊन पांढरेफटक पेटले होते. एक पोलके पूर्ण शिवायचे होते. पार्बताच्या यंत्राचा पट्टा पुनःपुन्हा उतरत होता. ती खाली वाकून तो चढवी, पदराने हात पुशी आणि पुन्हा शिवू लागे. घंटा झाली, तेव्हा तिची एक बाही लागायची होती.

‘‘बाई, पट्टा उतरत होता जी. एकच बाही राह्यली, लावूनच राह्यली मी.’’

परीक्षक वयस्क, मवाळ गृहस्थ होते. थोडा अवधी द्यायला आपली हरकत नाही, असे ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. सणाच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभे असते, तेव्हा पट्ट्याचे कारण कोणी ऐकत नाही, एवढेच त्या बोलल्या. बोलणे खरे होते. म्हणूनच ते इतके खोल गेले.

मी पुढे होऊन म्हटले, ‘‘बाई, ते यंत्र मुळातच नादुरुस्त आहे.’’

‘‘ठाऊक आहे मला,’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘मीच तर दिलं तिला.’’

आणि सुईखालून त्यांनी ते पोलके ओढून घेतले. दोरा ताणला गेला, तुटला. पार्बता रडली नाही. रिकाम्या सुईकडे पाहत तिने विचारले, ‘‘मंग मी जाऊ?’’ बाई पुढच्या यंत्राकडे वळल्या, तेव्हा ती उन्हात निघून गेली.

पुढच्या हिवाळ्यात ती मला संत्र्यांच्या बाजारात दिसली. पेट्यांत वाळले गवत अंथरून फळे रचणाऱ्या बायांमध्ये. गारठ्याने बोटे फुटली होती. भावाचे घर सुटले होते. कुठे राहतेस, या प्रश्नावर ती नुसती हसली. हात थांबले नाहीत.

‘‘मोठ्या बाई बऱ्या हायत ना? त्याइले सांगजा, पार्बता भेटली होती.’’

दुसऱ्या दिवशी मी सांगितले. बाई पट्टी धरून टाचणाच्या रेघा आखत होत्या. त्यांनी मान वर केली, कपाळाला किंचित आठी घालून अगदी मनापासून आठवून पाहिले.

‘‘कोण पार्बता?’’

त्यात ढोंग नव्हते. असते, तर मला बरे वाटले असते.

बाई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. माणूस गेल्यावर त्याची आठवण कुणापाशी उरावी, हे त्याच्या हाती नसते. बाई माझ्यापाशी उरल्या आहेत खऱ्या, पण त्यांना ज्या मनात सर्वांत अधिक काळ राहावे लागले असेल, ते पार्बताचे मन पुढे कुठल्या गावी गेले, हे मला कधीच कळले नाही.