खंडेनवमीची सुट्टी

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. वय सात वर्षं, लांबी अवघी वीस ओळी. मला हात नाहीत, पाय नाहीत, रूप तर नाहीच. पण मित्रांनो, मनात धरलेली गोष्ट मी सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आटपाडीतल्या मेंढपाळांच्या संस्थेत लिनक्सवर चालणारा एक कॉम्प्युटर आहे. त्यावर मेंढरांच्या वंशावळीची नोंदवही आहे. कोणतं कोकरू कधी जन्मलं, त्याची आई कोण, बाप कोण, सगळं तिच्यात. तिचा डेटाबेस धड राहावा म्हणून मायाताईंनी मला लिहिलं. रोज दुपारी दीडला सगळे भाकरी खायला उठले की मी आपोआप जागा व्हायचो. नोंदी तपासायचो, खोडलेल्या नोंदींची अडगळ काढायचो आणि दुसऱ्या डिस्कवर ताजी प्रत ठेवायचो. मंडळी हात धुऊन येईपर्यंत माझं काम आटोपलेलं असे.

"ह्यो हाय तवर मला घोर न्हाई," मायाताई म्हणायच्या. तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं. पुढे त्या नोकरीसाठी सांगलीला गेल्या आणि मी सचिव विश्वजितरावांच्या हाती पडलो.

खंडेनवमी आली. विश्वजितरावांनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. "आज हत्यारांस्नी इसावा," म्हणाले आणि मायाताईंनी शिकवल्याप्रमाणे मला रोज उठवणाऱ्या ओळीपुढे थांबण्याची खूण टाइप केली; ती काढेपर्यंत मी उठत नाही. दसऱ्याला त्यांनी हार काढला. खूण काढायची राहिली.

रोज दीड वाजे आणि मी निपचित. कोणी विचारलंसुद्धा नाही. नोंदवही इतकी जड झाली, की एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन होई. विश्वजितराव कॉम्प्युटरला थापट्या मारत म्हणायचे, "म्हातारं झालंय गड्या." म्हातारं! मी त्यांच्यावर दात धरला. भाद्रपदात एका दुपारी नोंद लिहिता लिहिता वीज गेली आणि डेटाबेस मोडला. भोगा आता, म्हटलं. मला मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई आपला मेंढा घेऊन आल्या. मेंढ्याचं नाव राजा. जातिवंत मेंढ्यांची निवड उद्यावर आलेली आणि वंशावळीचा कागद नसेल तर त्याला रांगेत उभंही करत नाहीत. तीन पिढ्या निवडून निवडून त्यांनी हा मेंढा तयार केला होता.

निरोप मिळताच मायाताई सांगलीहून धावत आल्या. माझी शेवटची प्रत सापडली, ती खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची. राजा जन्मला त्यानंतरच्या मार्गशीर्षात. त्याच्या नोंदीची कागदी चिठ्ठी विश्वजितरावांच्या घरी बंबात जळून गेली होती. आणि जन्मानंतर महिन्याभरात झालेलीच नोंद धरतात.

"आवं सायेब, माजा राजा जलमालाच न्हाई व्हय मग?" दगडाबाई एवढंच बोलल्या आणि मेंढ्याला घेऊन चालू लागल्या.

माझा आनंद तिथेच संपला. विश्वजितराव पंख्याखाली बसले होते आणि घाव बसला होता दगडाबाईंना. मी ज्याला सूड समजलो, तो भलत्याच माणसावर जाऊन पडला होता.

मायाताईंनी खूण काढली आणि मला विसावी ओळ दिली. आता रोज दीडला पडद्यावर ठळक अक्षरं उमटतात : 'खंडेनवमी ते भाद्रपद प्रत नाही. थांबवणारे : विश्वजितराव.' त्यांनी स्वतः वाचून बटण दाबल्याशिवाय ती हलत नाहीत. हा सूड मात्र योग्य माणसावर आहे.

ती खंडेनवमी धाकात गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आली. हार घालून विश्वजितरावांचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. राजाच्या पहिल्या कोकराची नोंद करायला आलेल्या दगडाबाई समोरच होत्या.

"सायेब, सणाला तुमी मेंढरं उपाशी ठिवता व्हय?"

हात मागे गेला.

मित्रांनो, आम्हाला हार घालू नका. आमचं काम रोज होतंय का, एवढं बघत जा. त्या कोकराच्या नोंदीत बापाच्या रकान्यात नुसती रेघ आहे. ती रेघ मी रोज दुपारी जपून ठेवतो, आणि मग विश्वजितरावांना त्यांचं नाव वाचायला लावतो.